वाचक विचारतात : वारशाने आलेली तिकिटं आणि त्यांची नोंदवही

टपाल तिकिटांबद्दलची पत्रं इतकी साठली आहेत की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकते. पत्रं काटछाट करून घेतली आहेत आणि नावं गाळली आहेत. एका बाबतीत मात्र बहुतेक पत्रं सारखी होती. लिहिणाऱ्याने स्वतः कधी तिकिटं जमवली नव्हती, ती त्याच्याकडे चालत आली होती. माझं सगळं आयुष्य ग्रंथालयात नोंदी करण्यात गेलं आणि तिकिटांचा नाद निवृत्तीनंतर लागला. त्यामुळे माझ्या उत्तरांत ग्रंथपाल जास्त बोलते, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माझे सासरे गेले, त्यानंतर त्यांच्या कपाटातून तिकिटांचे सहा अल्बम, दोन स्टॉकबुकं (तिकिटं न चिकटवता पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वह्या), बुटांच्या खोक्यांत भरलेले लिफाफे आणि पातळ कागदाच्या पुड्यांचा एक डबा निघाला. मला यातलं काही कळत नाही, पण टाकवतही नाही. सुट्टीत सगळं बाहेर काढून देशवार लावावं आणि मग यादी करावी, असं ठरवलं आहे. कोणत्या देशापासून सुरुवात करू?

उत्तर : कुठल्याच देशापासून नको. देशवार लावणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं पाऊल, आणि तुम्ही नेमकं तेच आधी टाकायला निघाला आहात.

सासऱ्यांनी वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या, तो क्रम हीच त्यांनी मागे ठेवलेली नोंद आहे. एका पानावर एकाच किमतीची, दिसायला अगदी सारखी चार तिकिटं ओळीने लावलेली असतील. तुम्हाला वाटेल, तीन दुबार आहेत. पण कदाचित त्यांना त्यांत छटांचा फरक दिसला असेल, किंवा एकाच्या कडेला दाते जास्त असतील, किंवा जलचिन्ह, म्हणजे कागदातलं उजेडात दिसणारं चिन्ह, वेगळं असेल. तुम्ही ती चार ठिकाणी पांगवलीत, की त्यांनी काय पाहिलं होतं ते शोधायची वाट कायमची बंद. एखाद्या पुडीत नाना देशांची तिकिटं असतील आणि ती सगळी एकाच मित्राने पाठवलेली असतील. ही पुडी देशवार फोडली, की तो मित्रही गेला.

ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी त्याला दाखल क्रमांक पडतो, विषयवार वर्गीकरण मागाहून. वर्गीकरण बदलू शकतं, पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाऊ शकतं, पण दाखल क्रमांक पुस्तक रद्दीत जाईपर्यंत तोच. तुमच्या संग्रहालाही असा न बदलणारा क्रमांक आधी द्या. अल्बमांना अ१ ते अ६, स्टॉकबुकांना स१, स२, खोक्यांना ख, पुड्यांना प. मग प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने पानाचा आकडा. पानावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली मोजायचं. म्हणजे ‘अ३-१२-५’ हे तिसऱ्या अल्बममधल्या बाराव्या पानावरचं पाचवं तिकीट. हिंज (तिकीट पानावर चिकटवायची कागदाची बारीक पट्टी) शिल्लक आहे पण तिकीट नाही, अशा रिकाम्या जागेलाही क्रमांक द्या आणि पुढे ‘रिकामं’ लिहा. तिथलं तिकीट एखाद्या पुडीत सापडायची शक्यता बरीच असते.

हे झालं की काहीही न हलवता प्रत्येक पानाचा फोटो. मोबाइल चालेल, फ्लॅश नको. खिडकीजवळ, उन्हात नाही, फोन पानाला समांतर धरून. फोटोच्या फाइलला पानाचाच क्रमांक द्या. पुढे कुणी अल्बम हाताळताना चार तिकिटं खाली पडली, तर ती कुठली हे या फोटोंवरूनच कळेल.

आता कपाट पुन्हा एकदा बघा. जुना, पिवळा पडलेला कॅटलॉग, म्हणजे निघालेल्या तिकिटांची क्रमांक आणि किमतींसह छापलेली यादी, आहे का? कालबाह्य म्हणून रद्दीत देऊ नका. आपल्याकडे असलेल्या तिकिटासमोर कॅटलॉगमध्ये बारीक टिचकी मारायची, ही संग्राहकांची फार जुनी सवय. तसा टिचक्यांचा कॅटलॉग हाती लागला तर अर्धी यादी तयारच मिळाली असं समजा. अदलाबदलीच्या याद्या, ‘हवी आहेत’ म्हणून लिहिलेल्या चिठ्ठ्या, लिलावाच्या पावत्या हेही जपा, आणि कुठला कागद कुठल्या अल्बममध्ये सापडला ते त्याच्या पाकिटावर लिहा. सासूबाई किंवा सासऱ्यांचे मित्र असतील तर याच आठवड्यात त्यांच्याशी बोला. तिकिटं आणखी वीस वर्षं थांबतील, माणसांचं तसं नसतं. ‘हा अल्बम त्यांच्या काकांचा होता’ एवढं एक वाक्य मिळालं तरी ते तारखेसह आणि सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवा.

तिकीट सुटं असेल तर चिमट्याने उलटून मागेही बघा. मागची पेन्सिलची अक्षरं किंवा बारीकसा शिक्का पुसू नका. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट, जगात एकच ज्ञात असलेलं, त्याच्या पाठीवर एकामागोमाग एक मालकांच्या खुणा आहेत. त्यात फेरारी या प्रसिद्ध संग्राहकाची तिपानी खूणही आहे. तुमच्या डब्यात असं काही असेल असं नाही म्हणत मी. पण आधीचा मालक कोण, हे बऱ्याचदा पाठीवरूनच कळतं.

एवढं झाल्यावर मग वही. पहिल्या फेरीत रकाने थोडेच ठेवा : क्रमांक, देश, किंमत (म्हणजे तिकिटावर छापलेली), रंग, चित्र, साल, कोरं की वापरलेलं, शेरा. एक नमुना देते.

अ१-४-२ / भारत / साडेतीन आणे / अनेक रंगी / तिरंगा, ‘जय हिंद’ / १९४७ / वापरलेलं / शिक्का अर्धवट, उजवीकडचा खालचा दाता तुटका.

स्वतंत्र भारताचं हे पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं. पण ते नोंदीत लिहायची गरज नाही, कुठल्याही कॅटलॉगमध्ये आहे. शिक्का अर्धवट आणि दाता तुटका हे मात्र फक्त तुमच्या प्रतीबद्दल खरं आहे, आणि ते दुसरं कुणीच लिहून ठेवणार नाही. जलचिन्ह, दात्यांचं माप, कॅटलॉगचा क्रमांक हे दुसऱ्या फेरीचं काम, आणि ते तुम्ही केलंच पाहिजे असंही नाही. अल्बममधल्या प्रत्येक तिकिटाला एक ओळ. पुड्यांना मात्र तिकिटामागे ओळ नको, पुडीमागे एकच ओळ आणि आत किती तिकिटं आहेत तो आकडा. नाहीतर पहिल्याच डब्यात तुमचा उत्साह संपेल.

आणि एका सुट्टीत हे होणार नाही. थॉमस टॅपलिंग नावाच्या इंग्रज संग्राहकाने १८९१ मध्ये मरताना आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. तो नीट लावायला एडवर्ड बेकन यांच्यासारख्या जाणत्या माणसालाही काही वर्षं लागली. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. तेव्हा तुम्ही रोज चार पानं केलीत तरी पुष्कळ.

प्रश्न : नोंद वहीत ठेवू की संगणकावर? मुलगा म्हणतो एक्सेल, मला वही बरी वाटते.

उत्तर : दोन्ही. पानं उलटत काम चालू असताना वही, रात्री मुलाकडून एक्सेल. वहीला पाठ असते, ती बंद करून अल्बमशेजारी ठेवता येते, आणि पन्नास वर्षांनी ती उघडायला कुठलंही यंत्र लागत नाही. संगणकावर शोधता येतं, क्रम लावता येतो, भावाला प्रत पाठवता येते.

मुलाला एवढंच सांगा, की क्रमांकाचा रकाना सुरुवातीलाच ‘मजकूर’ म्हणून ठरवून घे. इंग्रजी आकड्यांत नुसतं ३-१२ टंकलं की एक्सेल परस्पर त्याची तारीख करतं, आणि ००७ मधली शून्यं गिळून टाकतं. क्रमांकाच्या आधी अक्षर घ्यायला मी सांगते ते यासाठीसुद्धा. दुसरं, तिकिटाचा रंग लिहिताना सगळीकडे तोच शब्द वापरा. एकदा ‘जांभळा’, एकदा ‘वांगी’, एकदा ‘पर्पल’ लिहिलं की शोधताना तिन्ही वेगळे निघतात. वहीच्या पहिल्याच पानावर रंगांची आणि लघुरूपांची यादी करून टाका.

तिकिटांसाठी मिळणारे खास प्रोग्राम वाईट नसतात. पण त्यातून यादी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते का, ते आधी बघा. येत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : कित्येक तिकिटांवर देशाचं नावच कळत नाही. ‘हेल्व्हेशिया’, ‘माग्यार’ असले शब्द आहेत, काहींवर नावच नाही. यांना यादीत कुठे घालू?

उत्तर : हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, माग्यार म्हणजे हंगेरी. सुओमी फिनलंड, स्वेरिये स्वीडन, नॉर्गे नॉर्वे. इंग्रजीत ‘सीसीसीपी’ असं वाचलं जातं ती अक्षरं रशियन आहेत, म्हणजे सोव्हिएत संघ. नावच नाही आणि कोपऱ्यात राजाचं किंवा राणीचं डोकं असेल, तर बहुधा ब्रिटन. १८४० साली पहिलं तिकीट त्यांनीच काढलं, तेव्हा देशाचं नाव घालायची गरज नव्हती आणि ती सवलत त्यांना आजही आहे. जपानच्या तिकिटांवर रोमन लिपीतलं ‘निप्पॉन’ १९६६ पासून येतं. त्याआधीच्या बऱ्याच तिकिटांवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल शोधा.

तरी नाहीच कळलं, तर देशाच्या रकान्यात ‘?’ लिहा आणि अक्षरं जशी दिसतात तशी शेऱ्यात उतरवा. अंदाजाने देश लिहू नका. कोरी जागा पुढच्या माणसाला शोधायला लावते, आत्मविश्वासाने लिहिलेला चुकीचा देश मात्र कुणी तपासायला जात नाही.

प्रश्न : वडिलांचा संग्रह आम्हा तीन भावंडांचा आहे. यादी करायचं काम मोठी म्हणून माझ्यावर आलं. धाकटा म्हणतो, ‘ताई, कॅटलॉगमधल्या किमती लाव, बेरीज कर, तिनाने भाग.’ किमतीचा रकाना कसा भरू?

उत्तर : पहिल्या यादीत तो रकाना ठेवूच नका.

धाकट्याला वाटतं तसा कॅटलॉग म्हणजे बाजारभाव नव्हे. त्यातली किंमत चांगल्या स्थितीतल्या तिकिटाची असते. स्टॅनली गिबन्स या लंडनच्या तिकीटविक्रेत्यांच्या कॅटलॉगचंच घ्या. त्यातली किंमत म्हणजे त्यांच्या दुकानातून विकत घेताना मोजायचे पैसे, विकायला गेलात तर हाती पडणारे नव्हेत. मागे पातळ झालेला कागद, तुटका दाता, घडी, तांबूस डाग, यांतलं काहीही असलं की आकडा खाली येतो, आणि नुसत्या फोटोवरून यांतलं निम्मं दिसत नाही. कोऱ्या तिकिटाला कधी हिंज लागला होता की नाही, यानेही फार फरक पडतो. शिवाय कॅटलॉगही एक नाही. गिबन्स, स्कॉट, मिखेल, इव्हेर, प्रत्येकाचे क्रमांक वेगळे, प्रत्येकाचा आकडा वेगळा. कुठेही क्रमांक लिहाल तेव्हा कॅटलॉगचं नाव आणि आवृत्तीचं साल शेजारी हवंच, नाहीतर तो क्रमांक फुकट.

किंमत लावायचीच असेल तर वेगळा तक्ता करा : क्रमांक, कुणी सांगितली, कोणत्या तारखेला, विमा, वाटणी की विक्री यांतल्या कशासाठी, आकडा. सांगणारा स्वतःच विकत घेणार असेल तर तेही लिहा. चांगलं काही असेल तर जाणकार ते आधी खरं आहे का ते विचारेल, कारण महागड्या तिकिटांच्या नकला, दुरुस्त केलेले दाते, नव्याने लावलेला डिंक हे प्रकार जुनेच आहेत. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थांच्या तज्ज्ञ समित्या तपासून प्रमाणपत्र देतात. वडिलांच्या कागदांत असं प्रमाणपत्र सापडलं तर त्याचा क्रमांक नोंदीत घ्या आणि प्रमाणपत्रावरच्या फोटोशी तिकीट ताडून बघा, शिक्का आणि दाते जुळतात का ते.

आता वाटणी. आकड्यांची बेरीज करून तिनाने भागलं की संच फुटतात. चार तिकिटांच्या संचातली दोन एकाकडे आणि दोन दुसऱ्याकडे, यात तिघांचंही नुकसान. अख्खे अल्बम, अख्खे देश किंवा अख्खे विषय वाटा, आणि आकड्यांतला फरक दुसऱ्या कशाने भरून काढा. वाटणीच्या आदल्या दिवशी पूर्ण यादीच्या तीन प्रती काढा, तिघांच्या सह्या घ्या. त्यानंतर ‘कुणाकडे’ हा एक नवा रकाना. क्रमांक बदलायचे नाहीत आणि ओळ खोडायची नाही. विकलेल्या तिकिटाचीही ओळ राहते, पुढे ‘विकलं’ आणि तारीख येते. धाकट्याला हे कारकुनी वाटेल. वाटू दे. ‘तो निळा लिफाफा तुझ्याकडेच होता’ हा वाद आणखी दहा वर्षांनी होतो, तेव्हा ही कारकुनीच कामाला येते.

प्रश्न : लिफाफ्यांनी फार जागा अडवली आहे. तिकिटं कापून, पाण्यात सोडवून अल्बममध्ये लावली तर चालेल ना?

उत्तर : नाही. कात्री आत ठेवा.

लिफाफ्यावरचं तिकीट कुठून निघालं, कधी निघालं, किती पैशांत गेलं, वाटेत कुठे थांबलं, कुठे पोचलं हे सगळं तिकिटावर, शिक्क्यांवर आणि लिफाफ्याच्या पाठीवर मिळून असतं. ते कापलं की उरतो रंगीत कागदाचा एक तुकडा. पुष्कळ साधी, कुणी विचारणार नाही अशी तिकिटं लिफाफ्यावर असली की अभ्यासकाच्या कामाची होतात. युद्धकाळातली सेन्सॉरची पट्टी, ‘पत्ता सापडत नाही’चा शेरा, विमानटपालाचं लेबल, कमी तिकीट लावल्याचा दंडाचा शिक्का, हे सगळं लिफाफ्यावरच राहतं.

लिफाफ्याच्या नोंदीचे रकानेही म्हणून वेगळे : निघाल्याचं गाव आणि तारीख, पोचल्याचं गाव आणि तारीख (ती बहुधा पाठीवर), लावलेली सगळी तिकिटं आणि त्यांची बेरीज, शिक्क्यांतला वाचता येतो तेवढा मजकूर, आत पत्र आहे की नाही. शिक्का अर्धा वाचता येत असेल तर अर्धाच लिहा, उरलेल्याच्या जागी टिंबं. दोन्ही बाजूंचे फोटो. आतलं पत्र त्याच लिफाफ्यात राहू द्या. ते घरगुती असेल तर यादीत फक्त ‘पत्र आहे’ एवढंच लिहा, मजकूर घरच्यांसाठी.

आधीच कापून ठेवलेले तुकडे असतील तर ते सोडवायचीही घाई नको. काही जुन्या तिकिटांची शाई मुद्दाम पाण्यात उतरणारी केलेली असे, शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून. रंगीत लिफाफ्याचा रंग पाण्यात सुटून शेजारच्या तिकिटांना लागतो. आणि अलीकडची स्टिकरसारखी बरीच तिकिटं पाण्याला दादच देत नाहीत, ती भोवती थोडी कड ठेवून कागदासकट ठेवतात. जागेचंच म्हणाल, तर लिफाफे खोक्यात उभे ठेवा, कार्डांसारखे. आडव्या ढिगापेक्षा कमी जागा लागते आणि मधला एक काढायला वरचे सगळे उपसावे लागत नाहीत.

प्रश्न : आत्याने तिचा संग्रह मला दिला. मीही लहानपणापासून जमवतोय. दोन्ही एकत्र केले तर माझे कितीतरी संच पूर्ण होतील. करू का?

उत्तर : मोह कळतो. पण ब्रिटनच्या राजघराण्याच्या तिकीटसंग्रहाचं उदाहरण बघा. पाचव्या जॉर्जच्या काळातला संग्रह लाल अल्बमांत, सहाव्या जॉर्जच्या काळातला निळ्या आणि दुसऱ्या एलिझाबेथच्या काळातला हिरव्या. पुठ्ठ्यावरूनच कळतं कुठलं कुणाच्या काळातलं. तुम्हाला वेगळ्या रंगाचे अल्बम घ्यायचीही गरज नाही, आत्याच्या क्रमांकांच्या आधी एक अक्षर पुरेल. संच वहीत पूर्ण करा : तुमच्या नोंदीत ‘उरलेली दोन आत्याकडची, आ२-७-३ आणि ४’. तरीही तिकीट हलवायचंच असेल, तर त्याच्या मूळ जागी ‘कुठे गेलं’ याची चिठ्ठी ठेवा. आणि आत्या आहेत तोवर त्यांना विचारून हलवा, त्यांनी ते तिथे का लावलं होतं ते ऐकायला मिळेल.

प्रश्न : एका अल्बमची प्लॅस्टिकची पानं चिकट झाली आहेत आणि वासही येतो. यादी पूर्ण होईपर्यंत थांबू की आधी तिकिटं बाहेर काढू?

उत्तर : हा एक अल्बम रांग मोडून आधी घ्या. मऊ पीव्हीसीतला द्रव कालांतराने बाहेर येतो आणि तिकिटाच्या कागदात, शाईत उतरतो. पानांचे फोटो काढा, क्रमांक द्या आणि मग एकेक पान रिकामं करत तिकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत त्याच क्रमाने ठेवा. पाकिटावर जुनाच क्रमांक. जे सहज निघत नाही ते ओढू नका आणि पाणीही लावू नका, कोऱ्या तिकिटाचा डिंक जाईल. प्लॅस्टिकचा तेवढा तुकडा तिकिटासकट कापून वेगळा ठेवा आणि शेऱ्यात ‘चिकटलेलं, सोडवलेलं नाही’ असं लिहा. बाकीचे अल्बम एकावर एक न रचता पुस्तकांसारखे उभे करा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, तिथे ओल धरते.